राधानगरीचे तळे आणि शाहू महाराजांचे रान

गोव्याहून बेळगावमार्गे कोल्हापूरकडे निघालेला प्रवासी निपाणीला पोहोचला की महामार्गाच्या पश्चिमेला एक रस्ता फुटतो. मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी आणि दाजीपूर अशी गावे घेत तो फोंडा घाट उतरतो आणि थेट देवगडच्या समुद्रापर्यंत जातो. (हा फोंडा सिंधुदुर्गातला, आपल्या फोंड्याशी त्याची गल्लत नको.) या एका रस्त्यावर सीमाभागाच्या तीन गरजा एकमेकींना भेटतात. निपाणीच्या सपाटीवर पाणी हवे आहे, बेळगावच्या कारखान्याला डोंगरातला दगड हवा आहे, आणि राधानगरी-दाजीपूरच्या रानाला आपले सडे व झरे शाबूत हवे आहेत. या रानाला आणि त्याच्या कुशीतल्या तळ्याला ज्याने आजचे रूप दिले, तो राजा जाऊन शंभर वर्षे उलटली. छत्रपती शाहू महाराजांचे नाव गोव्यात घेतले जाते ते सामाजिक न्यायासाठी, आणि ते योग्यच आहे. पण खाणींच्या प्रश्नाने पोळलेल्या आपल्या राज्यात त्यांच्या चरित्राचे दुसरे पानही वाचायला हवे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलच्या जहागिरीचे अधिपती. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. कागल निपाणीपासून अगदी जवळ, आणि मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात. म्हणजे आज आपण ज्याला सीमाभाग म्हणतो, तोच या मुलाच्या आईवडिलांचा मुलूख होता. राज्यांच्या आजच्या रेषा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. यशवंतराव तीन वर्षांचे असतानाच आई गेली. तिचे नाव पुढे त्यांनी आपल्या मुलीला दिले, आणि मुलीचे नाव एका गावाला.

कोल्हापूरची गादी तेव्हा दुर्दैवाच्या फेऱ्यात सापडली होती. चौथे शिवाजी महाराज मनोरुग्ण ठरवले गेले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ब्रिटिशांच्या पहाऱ्यात असताना डिसेंबर १८८३ मध्ये त्यांचा करुण अंत झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांच्या आतल्या त्या मुलाचे नाव शाहू झाले. दोनच वर्षांनी जन्मदाते वडीलही वारले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात काही वर्षे काढल्यावर पुढचे शिक्षण धारवाडला झाले. तेथे स्टुअर्ट फ्रेझर हे त्यांचे गुरू होते. इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यकारभाराचे धडे तेथेच मिळाले. कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधला प्रदेश म्हणजे निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव. पश्चिमेला पावसाने झोडपलेला सह्याद्री आणि पूर्वेला पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले पठार, हे त्या प्रदेशाचे रूप. डोंगरात पडलेले पाणी सपाटीवरच्या माणसाच्या उपयोगी कसे पडेल, हा प्रश्न पुढे त्यांच्या राजवटीला कायम चिकटून राहिला.

१८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी वीस वर्षांचेही नसलेल्या महाराजांच्या हाती कारभार आला. संस्थानाचा विस्तार घाटमाथ्यापासून पूर्वेला दूरवर होता. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग तेव्हा कोल्हापूरचे होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली. कोल्हापूरच्या गुळाचे नाव आज घरोघर आहे. पण गूळ म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे अखेर डोंगर, ही साखळी ओळखणारे राज्यकर्ते थोडेच असतात.

ती साखळी तुटली की काय होते, हे त्यांना लगेच दिसले. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ आलेली प्लेगची साथ म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या राजाची खरी परीक्षा होती. स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली, शेतकऱ्यांना तगाई मिळाली, रस्त्यांची आणि पाण्याची कामे निघाली. कामावर येणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी शिशुगृहे चालवली गेली. संस्थानच्या राखीव रानांची दारेही या काळात उपाशी गुरांना चरायला खुली झाली. रान राखायचे, पण माणूस मरत असताना त्याच्यावर कुलूप ठेवायचे नाही, हा निर्णय वाटतो तेवढा सोपा नव्हता. ब्रिटिश अंमलात वनखात्याचा जाच काय होता, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना त्याचे मोल कळेल. पाऊस परतल्यावर हीच राने पुन्हा राखली गेली.

१९०२ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते इंग्लंडला गेले आणि परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवण्याचा त्यांचा आदेश निघाला. हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच सुमारास संस्थानाने पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि गावोगावच्या विहिरी व तळी यांची पाहणी करवली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. नोकऱ्यांचा आदेश आणि पाण्याचे धोरण यांचा जन्म एकाच काळातला आहे, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. शिकलेल्याला कचेरीत जागा आणि न शिकलेल्याला शेतात पाणी, असा त्यामागचा सरळ व्यवहार दिसतो. कचेरीत सामावतील अशी माणसे मूठभर. बाकीच्यांचे पोट जमिनीवरच भरायचे होते. १९०६ मध्ये त्यांनी सूत आणि कापडाची गिरणी काढली. पन्हाळ्याच्या परिसरात चहाच्या लागवडीचे प्रयोगही त्यांच्या प्रोत्साहनाने झाले. डोंगराकडून उत्पन्न घेऊ नये, असे त्यांना कधीच वाटत नव्हते. कसे घ्यावे, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर राधानगरीच्या खोऱ्यात उभे राहिले. भोगावती नदी सह्याद्रीच्या ऐन माथ्याशी उगम पावते. पावसाळ्यात तिचे पाणी धो धो वाहून पंचगंगेतून कृष्णेला मिळते आणि उन्हाळ्यात तीच नदी कोरडी पडते. हे पाणी डोंगरातच अडवायचे ठरले. १९०८ मध्ये राजकन्या राधाबाईंच्या नावाने राधानगरी हे नवे गाव वसले आणि पुढच्याच वर्षी फेजिवडेजवळ धरणाच्या कामाला सुरुवात झाली. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. त्या काळी एका लहानशा संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून असे काम अंगावर घेणे म्हणजे धाडसच होते. घाटमाथ्यावरचा पाऊस वर्षातले कित्येक महिने काम करू देत नाही. दगड, चुना, मजूर आणि त्यांचे धान्य सारे रानातून वाहून न्यायचे. मधेच पहिले महायुद्ध आले, महागाई आली. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फुटांपर्यंत चढली आणि पैशाअभावी काम थांबले. अर्धवट भिंतीमागे जेवढे पाणी साचले, तेवढ्यावर खालच्या शेतांची तहान भागू लागली. पूर्ण धरण पाहण्याचे भाग्य महाराजांना लाभले नाही.

या धरणाच्या जागेत एक गोष्ट विशेष आहे. तळ्याला तिन्ही बाजूंनी रानाने वेढले आहे, आणि ते रान महाराजांनी राखलेले होते. येथे खरे बोलले पाहिजे. ते राखले गेले शिकारीसाठी. महाराज पट्टीचे शिकारी होते. चित्ते माणसाळवून त्यांच्याकडून हरणांची शिकार करवण्याचा कोल्हापूरचा शौक देशभर प्रसिद्ध होता. दाजीपूरच्या रानात गवे होते, वाघ होते आणि राजाची बंदूकही होती. आजच्या अर्थाने त्यांना निसर्गरक्षक म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. राखीव शिकारीच्या रानात गावकऱ्याला मुक्त प्रवेश नसतो, आणि जेथे तळे भरते तेथे कोणाचे तरी शेत बुडते. या दोन्ही गोष्टींचा भार डोंगरातल्या गरिबांनीच उचलला. राजाच्या मोठेपणामुळे तो भार हलका होत नाही. तरीही हेतू कोणताही असो, परिणाम असा झाला की पाणलोटावर कुऱ्हाड पडली नाही. झाडांनी धरलेली माती तळ्यात आली नाही आणि झिरपलेले पाणी झऱ्यांवाटे हळूहळू उतरत राहिले.

शिकारीच्या या वेडातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट घडली. रानाची नस न् नस जाणणारे फासेपारधी सरकारी कागदांत जन्मजात गुन्हेगार ठरले होते. महाराजांनी त्यांना आपल्या पदरी ठेवले, कामे दिली, पहाऱ्यावर नेमले, आणि गुन्हेगार म्हणून रोज द्यावी लागणारी हजेरी रद्द केली. जंगलावर जगणाऱ्या माणसाला जंगलातून हाकलून नव्हे, तर त्याच्या ज्ञानाला पगार देऊन प्रश्न सुटतो, हे त्यांनी कोणताही सिद्धांत न मांडता करून दाखवले. आज अभयारण्यात वाटाड्याचे काम मिळणाऱ्या स्थानिक तरुणाची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

महाराजांचे उरलेले कार्य एवढे मोठे आहे की येथे त्याचा केवळ निर्देश करता येईल. वेदोक्त प्रकरणाने त्यांना जातिव्यवस्थेशी समोरासमोर उभे केले. विविध जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, महार वतने रद्द झाली, सार्वजनिक विहिरी आणि दवाखान्यांत शिवाशीव पाळण्यास बंदी आली. एप्रिल १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हुबळीच्या ब्राह्मणेतर परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. कर्नाटकातही त्यांना आपला माणूस मानणारा वर्ग होता आणि आजही आहे. सीमाप्रश्नाच्या गदारोळात ही गोष्ट दोन्ही बाजू सोयीने विसरतात.

धरणाचे काम थांबले त्याच वर्षी, जून १९१८ मध्ये, त्यांच्यावर वज्राघात झाला. धाकटे पुत्र राजकुमार शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्युमुखी पडले. ज्या छंदासाठी राने राखली, त्याच छंदाने तरुण मुलगा नेला. या दुःखातून ते पुरते सावरले नाहीत, असे त्यांची चरित्रे वाचताना जाणवते. कामाचा वेग मात्र कमी झाला नाही. उलट त्यांचे अनेक क्रांतिकारक आदेश या शेवटच्या चार वर्षांतलेच आहेत. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

अपुरी भिंत त्यांच्या मागे तशीच राहिली. पुत्र राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. आज या तळ्यात आठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी मावते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि रायबाग बेळगाव जिल्ह्याला जोडले गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. राजाचा मुलूख दोन राज्यांत वाटला गेला, पण नद्यांना तो नकाशा कळला नाही. राधानगरी आणि भुदरगडच्या डोंगरांतून निघणाऱ्या दूधगंगा आणि वेदगंगा कागल-निपाणीच्या शिवारांतूनच कृष्णेकडे जातात. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणात कर्नाटकाचा ४ टीएमसीचा वाटा आहे.

महाराजांच्या शिकारीच्या रानाला १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत राधानगरीचा समावेश झाला. पण याच डोंगरांत दुसरी संपत्तीही होती. लाखो वर्षांच्या पावसाने सड्यावरच्या खडकातली बाकीची द्रव्ये धुऊन नेली आणि मागे जांभ्याच्या कवचाखाली बॉक्साइट राहिले. १९६९ च्या सुमारास बेळगावला ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला आणि राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडसारख्या गावांचा दगड तिकडे जाऊ लागला. बेळगावात कामगार वस्त्या वाढल्या, डोंगरात खाणकामगार आणि चालकांना रोजगार मिळाला. ज्या गावांत पावसाळी नाचणी आणि भातावाचून काही पिकत नव्हते, तेथे महिन्याच्या महिन्याला रोख पैसा येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. खाणीला विरोध करणाऱ्या शहरी माणसाने ही गोष्ट आधी मान्य करावी आणि मग बोलावे.

मात्र सडा हा नुसता उघडा माळ नसतो. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखे पितो आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने महिनोन्महिने सोडत राहतो. बॉक्साइट काढायचे म्हणजे हे कवच फोडून त्याखालचा थर उचलायचा. खड्डा बुजवला, वर झाडे लावली, तरी दगडाची ती घडण परत येत नाही. कारखान्यात कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिना वेगळा केल्यावर उरणारा लाल चिखल साठवण्याचा प्रश्न बेळगावच्या वाट्याला येतो, तो वेगळाच. अभयारण्य आणि त्याच्या भोवतालच्या संवेदनशील पट्ट्याची बंधने जशी कडक झाली, तसा खाणींचा आणि वन्यजीवांचा संघर्ष तीव्र झाला. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीचा २०११ चा अहवाल आणि त्यानंतरचा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल यांवर याच गावांत सर्वांत जास्त भीती व्यक्त झाली. खाण बंद झाली तर पोट कशावर भरायचे, आणि पर्यटन आले तर त्याचा पैसा गावात राहणार की कोल्हापूर-पुण्याच्या हॉटेलवाल्याकडे जाणार, हे प्रश्न गावकरी विचारतात. गवा पाहायला आणि पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला येणारी गर्दी चार आठवडे टिकते. गावातले घर मात्र बारा महिने चालवावे लागते.

डिचोली, सत्तरी किंवा सांगेच्या वाचकाला यातले काहीच नवे वाटणार नाही. २०१२ मध्ये आपल्या खाणी थांबल्या, काही काळाने मर्यादा घालून पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये ८८ लीजेस रद्द झाल्यावर पुन्हा बंद पडल्या. ट्रकमालकाच्या दारात उभा असलेला कर्जाचा ट्रक आपण पाहिला आहे, आणि गाळाने भरलेली शेते व आटलेल्या विहिरीही पाहिल्या आहेत. शाहू महाराजांच्या काळाशी तुलना केली तर एक फरक डोळ्यांत भरतो. त्यांच्या कारभारात रान, तळे, ऊस, गिरणी आणि फासेपारध्याची नोकरी यांचा हिशेब एकाच माणसासमोर मांडला जाई. तो चुकला तर चूक त्याची आणि दोष त्याचा. आज खाणीचा महसूल एका खात्याकडे, वन्यजीव दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याकडे आणि पर्यटन चौथ्याकडे. त्यात राधानगरीचा दगड महाराष्ट्रातला आणि कारखाना कर्नाटकातला. डोंगराच्या बाजूने आणि कामगाराच्या बाजूने एकाच वेळी उत्तर देणारे कोणीच नाही. म्हणून राजेशाही परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण लोकशाहीत ही जागा रिकामी का राहावी, हे विचारायला राजा लागत नाही.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तळे भरून पाणी ठरावीक पातळीपलीकडे चढले की ते आपोआप उघडतात. ती बातमी कोल्हापुरात पोहोचते, मग पंचगंगेच्या काठाने नृसिंहवाडीला जाते आणि तेथून कृष्णेबरोबर बेळगाव जिल्ह्यात शिरते. चिकोडी तालुक्यातले नदीकाठचे शेतकरी मोटारी वर उचलून घेतात, आणि दाजीपूरच्या रानात पडलेले ते पाणी पुढे रायबाग तालुक्याच्या कडेने पूर्वेला निघून जाते.